विचार परत आला, म्हणजे नवीकरण फसले?

बडोद्याच्या एका वाचक भगिनीचे पत्र आहे. वय 38, मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात हिशेबाचे काम. घर मराठी ख्रिस्ती. घरातले पवित्र शास्त्र मराठी, रविवारची उपासना मात्र गुजरातीत. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हातून जीएसटीच्या विवरणात चूक झाली. कंपनीला नोटीस आली, व्याज आणि दंड भरून प्रकरण मिटले, मालकांनीही विषय संपवला. यांच्या डोक्यात तो संपला नाही. पहाटे तीनला जाग, ‘मी कामाचीच नाही, देवालाही माझी लाज वाटत असेल’ हे चक्र, जेवणावरची वासना गेलेली. सात महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी नैराश्यावरची गोळी सुरू केली आणि बराच फरक पडला. त्याच सुमारास मंडळीत, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, ‘मेंदू आणि मनाचे नवीकरण’ या विषयावर वर्ग झाले. 21 दिवस ठरलेली वचने म्हणायची, वाईट विचार आला की तिथल्या तिथे हाकलायचा, बाविसाव्या दिवशी मेंदूतला जुना विचार मेलेला असतो, असे तिथे सांगितले गेले; मेंदूची रंगीत चित्रेही दाखवली. यांनी ते दोनदा मनापासून केले. मार्चमध्ये सगळे विचार परत आले. प्रार्थनागटातले एक बंधू म्हणतात, विश्वास कमी पडतोय, आणि मन नवे झालेल्याला गोळी कशाला? सख्खा धाकटा भाऊ विज्ञान शिकलेला. तो म्हणतो, तुझी प्रार्थना म्हणजे मेंदूतली रसायने, बाकी काही नाही. ताई विचारतात, ‘दोघांत खरे कोण? माझे नवीकरण झालेच नाही का? गोळी बंद करू का?’

ताई, सलाम.

शेवटचा प्रश्न आधी घेऊ, तो थांबण्यासारखा नाही. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. या प्रकारच्या गोळ्या एकदम सोडल्या तर काही दिवसांतच चक्कर, मळमळ, विचित्र स्वप्ने, चिडचिड, डोक्यात वीज चमकून गेल्यासारखे झटके असे त्रास होऊ शकतात. शरीराला सवय झालेली गोष्ट अचानक काढून घेतली की ते कुरकुरते, एवढाच त्याचा अर्थ. पण तुमच्यासारखी व्यक्ती त्यातून ‘बघा, माझा विश्वास गोळीवरच उभा होता’ असा निष्कर्ष काढून मोकळी होईल. नैराश्य पहिल्यांदाच आलेले असेल तर बरे वाटू लागल्यानंतर साधारण सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवतात आणि मग मात्रा टप्प्याटप्प्याने, काही आठवडे किंवा महिने घेऊन उतरवतात. तुमचे सात महिने गोळी सुरू केल्यापासूनचे आहेत, बरे वाटल्यापासूनचे नव्हेत. हिशेब सांभाळणाऱ्या बाईला आरंभीची तारीख कोणती धरायची हे सांगायला नको. पुढच्या भेटीत डॉक्टरांना तीनच गोष्टी विचारा: माझी ‘बरे वाटल्याची’ तारीख तुम्ही कोणती धरता, मात्रा उतरवायला कधी सुरुवात करायची, आणि उतरवताना काय झाले तर तुम्हाला फोन करायचा.

आता तुमचे खरे दुखणे. पत्र वाचताना एक गोष्ट ठळक दिसते. तुम्ही, ते बंधू आणि वर्ग घेणारे, तिघांनीही एक व्याख्या न तपासता मान्य केली आहे: मन नवे झाले म्हणजे जुना विचार पुन्हा येणार नाही. ही व्याख्या कुठून आली? ‘मनाचे नवीकरण’ हे शब्द ज्याच्या पत्रातले, त्या प्रेषित पौलाने ती दिलेली नाही, आणि प्रयोगशाळेने तर मुळीच नाही.

प्रयोगशाळेपासून सुरू करू. पाव्हलॉवचे कुत्रे तुम्हाला शाळेपासून माहीत असतील: इशारा आणि खाणे यांची सांगड घातली की नुसत्या इशाऱ्यानेही लाळ सुटते. पुढचा भाग सहसा शिकवत नाहीत. इशारा देत राहिले आणि खाणे दिलेच नाही, तर लाळ हळूहळू थांबते. वाटते, जुने शिकणे पुसले गेले. पण थोडा काळ मध्ये जाऊ देऊन पुन्हा इशारा दिला की लाळ परत येते. म्हणजे पुसले काहीच गेले नव्हते. ‘इशारा झाला तरी आता खाणे येत नाही’ हे दुसरे शिकणे पहिल्यावर चढले होते, आणि पहिले खाली शाबूत होते. भीतीचेही असेच होते. भीतीची जुनी नोंद राहते. मेंदूचा पुढचा भाग, म्हणजे कपाळामागचा, तिला आवरायला शिकतो. मार्क बाउटन या मानसशास्त्रज्ञाने पुढे दाखवले की हे आवरणे जागेशी आणि प्रसंगाशी बांधलेले असते. जिथे ते शिकलो तिथून बाहेर पडले, जुन्या वातावरणात गेले, की जुनी प्रतिक्रिया डोके वर काढते. गंमत अशी की इंग्रजी संशोधनात या परतण्याला जो शब्द रूढ आहे त्याचा शब्दशः अर्थ ‘नवीकरण’ असाच होतो! तुमच्या वर्गात हे कोणी सांगितले नसणार.

तुमचा मार्च म्हणजे तेच जुने वातावरण. वर्षअखेर, तेच टेबल, तेच ताळमेळाचे तक्ते, तीच घाई. विश्वामित्री उन्हाळ्यात पुलावरून बघावी तर नदी आहे की नाला असा प्रश्न पडतो. पावसाने जोर धरला की तिचे पाणी बरोबर आपल्या जुन्या पसाऱ्यात शिरते. म्हणून काठावरच्या लोकांनी उन्हाळ्यात केलेली कामे वाया गेली असे कोणी म्हणत नाही. पुढच्या पावसाची तयारी करतात. तुमची तयारी काय असावी, ते पुढे सांगतो.

21 दिवसांच्या आकड्याचा उगमही सांगण्यासारखा आहे. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाचे अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते. नाकाची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला आरशातला नवा चेहरा आपला वाटायला किमान एकवीसेक दिवस लागतात, असे त्यांचे निरीक्षण त्यांनी 1960 मध्ये मांडले. त्यातला ‘किमान’ वाटेत गळाला आणि बाकीचे जगभर फिरले. प्रत्यक्ष मोजमाप लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केले, 2009 मध्ये ते प्रसिद्ध झाले. 96 जणांनी जेवणाबरोबर फळ खाणे, पाणी पिणे, थोडे पळणे अशी एकेक सवय लावून घेतली. सवय आपोआप होऊ लागायला लागलेला काळ सरासरी 66 दिवसांच्या घरात निघाला, पण माणसामाणसात 18 पासून 254 दिवसांपर्यंत फरक होता. एखादा दिवस चुकल्याने विशेष बिघडले नाही. आणि हे फळ खाण्याचे झाले. दोन वर्षे रोज पहाटे घोटलेल्या अपराधीपणाला 21 दिवसांत निरोप देण्याची अपेक्षा कोणत्या हिशेबात बसते?

आता पौल. रोमकरांस पत्र, अध्याय 12, ओवी 2: ‘या युगाबरोबर समरूप होऊ नका, तर आपल्या मनाच्या नवीकरणाने स्वतःचे रूपांतर होऊ द्या.’ आपल्या मराठी भाषांतरकारांनी इथे फार नेमके काम केले आहे. ‘रूपांतर करा’ असे नाही, ‘होऊ द्या’ असे आहे. मूळ ग्रीक क्रियापद कर्मणी आहे, चालू राहणाऱ्या क्रियेचे आहे, आणि अनेकवचनी आहे. करणारा दुसरा, काम एका दिवसात न संपणारे, आणि ते सगळ्या मंडळीला मिळून सांगितलेले. नवीकरणासाठी वापरलेला शब्द नव्या करारात आणखी एकाच ठिकाणी येतो, तीताला लिहिलेल्या पत्रात, आणि तिथे ते काम पवित्र आत्म्याचे म्हटले आहे. बाविसाव्या दिवशी निकाल लावणारी एकट्याची परीक्षा या वाक्यात बसवायची तर व्याकरण तिन्ही ठिकाणी मोडावे लागते.

आणखी एक पेच खास आपल्या भाषेचा आहे. मराठीत ‘मन’ म्हटले की भावना आधी आठवतात: मन लागत नाही, मन भरून आले, मन खट्टू झाले. त्यामुळे ‘मनाचे नवीकरण’ वाचताना आपल्याला वाटते, आता प्रसन्न वाटले पाहिजे. पौलाचा शब्द ‘नूस’ आहे. तो आपल्या बुद्धी-विवेकाच्या जवळ जातो. ओवीचा उरलेला भाग तेच सांगतो: देवाची इच्छा काय हे ओळखता यावे यासाठी हे नवीकरण. तिथले क्रियापद पारखण्याचे आहे, धातू खरा की खोटा हे तपासण्यासाठी वापरत तेच. मांडवीतला सोनार दागिना कसावर घासताना त्याची तबियत आनंदी असलीच पाहिजे असे नाही. कस लावता आला पाहिजे. आणि बाराव्या अध्यायात पुढे काय येते ते पाहा: स्वतःला वाजवीपेक्षा मोठे समजू नका, एकमेकांवर प्रेम करा, पाहुणचार करा, रडणाऱ्यांबरोबर रडा, वाइटाची फेड वाइटाने करू नका. झोप लागली की नाही, विचार किती वेळा आला, याची तिथे विचारपूसही नाही. तेव्हा स्वतःला तपासायचेच असेल तर असे विचारा: नोटीस आली तेव्हा मी चूक दुसऱ्यावर ढकलली का? हाताखालच्या मुलीची चूक झाली तर मी आज तिच्याशी कशी वागते? उत्तरे बरी असतील, तर पहाटे तीनला जाग येत असूनही नवीकरण चालू आहे.

मग मेंदूशास्त्राचा संबंध काय? आहे, पण वर्गात सांगितला तो नव्हे.

मेंदू अनुभवाने घडत राहतो ही गोष्ट खरी. एकत्र काम करणाऱ्या चेतापेशींमधला दुवा बळकट होतो, असा तर्क डोनाल्ड हेब यांनी 1949 मध्ये मांडला; 1973 मध्ये ब्लिस आणि लोमो यांनी सशाच्या मेंदूत असा दुवा प्रत्यक्ष बळकट झालेला मोजून दाखवला. ही मेंदूची घडणक्षमता. पण ती नीतिमान नाही. स्तोत्र पाठ करणाऱ्याचा मेंदू घडतो, जुगाऱ्याचाही घडतो. जुनाट वेदनेत आणि व्यसनात हीच क्षमता माणसाच्या विरुद्ध काम करते. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ म्हणतात. तुमच्या मनाने दोन वर्षे रोज रात्री सराव केला आणि ते त्यात पटाईत झाले. इथे पौलाच्या ओवीचा पहिला अर्धा भाग माझ्या मते जास्त उपयोगी आहे, जो वर्गात बहुधा घाईने उरकला गेला. ‘या युगाबरोबर समरूप होऊ नका’ म्हणजे तुम्ही काही केले नाही तरी साच्यात ओतले जाणे चालूच आहे. रात्री अकराला फोनवर रील बघणे हेही एक प्रकारचे रोजचे मनन आहे. घडायचे की नाही हा पर्याय कोणालाच नाही. कशाच्या सहवासात घडायचे, एवढाच हातात उरतो. शास्त्र आणि शास्त्रवचन यांची गाठ खरोखर पडते ती इथे, आणि तीही सोयीपुरती. चेतापेशींचे दुवे कसे बळकट होतात हे प्रयोगशाळा सांगेल. कशासाठी करावेत हे ती सांगणार नाही. उलट, पौलाला चेतापेशी ठाऊक नव्हत्या, आणि त्याचे म्हणणे खरे ठरायला त्यांची साक्ष लागत नाही.

त्या रंगीत चित्रांबद्दल थोडे. मेंदूत प्रत्यक्ष काही लाल-पिवळे चमकत नसते. एका स्थितीच्या तुलनेत दुसऱ्या स्थितीत रक्तातल्या प्राणवायूचे प्रमाण कुठे बदलले याचे ते आकडेशास्त्र असते, रंग नंतर भरतात. 2009 मध्ये क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी बाजारातला मेलेला सामन मासा ही चित्रे काढणाऱ्या यंत्रात ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रे ‘दाखवली’, आणि आकडेवारीतली आवश्यक दुरुस्ती न केल्यास माशाच्या मेंदूतही हालचाल ‘दिसते’ हे दाखवून दिले. यंत्र खोटे आहे असा त्याचा अर्थ नाही, यंत्राच्या नावावर काय काय खपवले जाते त्याची ती थट्टा होती. ‘प्रार्थनेने हा भाग उजळला, म्हणून देव आहे’ हे विधान त्या चित्रातून निघत नाही.

तुमच्या भावाचे विधानही निघत नाही. प्रार्थना करताना मेंदूत काही घडते, हे बरोबरच आहे. न घडले तर काळजी करावी लागेल. तुम्ही ताळेबंद जुळवता तेव्हाही मेंदूत काही घडते, म्हणून कारखान्याची उधारी काल्पनिक ठरत नाही. पुरणपोळीचा वास आला की मेंदू उजळतो; पोळी ताटात आहे की नाही हे त्यावरून कळत नाही, स्वयंपाकघरात जावे लागते. त्याच्याशी वाद घालू नका. त्याला एवढेच विचारा, ‘माझ्या प्रार्थनेत रसायने असतात हे मान्य, मग तुझ्या या मतात काय असते?’ आणि चहा द्या.

गोळी की वचन, या भांडणाचाही निकाल लावून टाकू. 1992 मध्ये लॉस एंजेलिसच्या लुईस बॅक्स्टर आणि सहकाऱ्यांनी ओसीडीच्या, म्हणजे नकोसे विचार आणि त्यांपायी तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या आजाराच्या, रुग्णांचे दोन गट पाहिले, एकाला औषध, दुसऱ्याला नुसती वर्तनोपचाराची बैठक. दोन्ही गटांत ज्यांना गुण आला त्यांच्या मेंदूतल्या कॉडेट नावाच्या एकाच भागाची साखरेची उचल कमी झाली. बोलणे, सराव आणि गोळी हे वेगवेगळ्या दारांनी एकाच घरात शिरतात. बंधूंना हे कळवायचे असेल तर कळवा. नाहीतर पहिले राजे, अध्याय 19 वाचायला सांगा. एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून ‘आता पुरे, माझा प्राण घे’ म्हणतो, तेव्हा दूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, उठवून पुन्हा खाऊ घालतो. बोलणे त्यानंतर, तेही एलीया चाळीस दिवस चालून गेल्यावर.

आता कामाचे. तुम्ही विचार हाकलत होता. चूक तिथे आहे. 1987 मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेगनर यांनी विद्यार्थ्यांना सांगितले, पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आला तर घंटी वाजवा. मिनिटाला एकाहून जास्त वेळा घंटी वाजली. वर पुढे मोकळीक दिल्यावर, ज्यांना आधी मनाई होती त्यांनाच अस्वल जास्त आठवले. कारण उघड आहे: अस्वल आले का हे बघायला मनाला अस्वल जवळ ठेवावे लागते. करिंथकरांस दुसऱ्या पत्रातले ‘प्रत्येक कल्पनेला अंकित करणे’ हे वचन या हाकलाहाकलीसाठी फार वापरतात. तिथे पौल मंडळीत शिरलेल्या चुकीच्या शिकवणीशी आणि तर्कवितर्कांशी लढतो आहे. पहाटे आपोआप उगवलेल्या विचाराला शत्रू ठरवण्याचा तो प्रसंग नाही. विचार येणे आणि विचार घोळवणे या दोन वेगळ्या नोंदी आहेत. पहिली तुमच्या हातात नाही.

म्हणून एक वही करा, खतावणीसारखी. रोज कामावरून आल्यावर, चहा झाल्यावर, सात ते सात-वीस ही काळजीची वेळ. अंथरुणापासून दूर, टेबलाशी बसून. दिवसभरात विचार आला की एक ओळ टिपायची आणि त्याला सांगायचे, ‘सात वाजता.’ सात वाजता ओळी उघडायच्या आणि प्रत्येकीसमोर लिहायचे: करण्यासारखे काही आहे, की नुसते घोळवण्यासारखे? करण्यासारखे असेल तर उद्याचे एक काम, वेळेसकट. दुसऱ्या प्रकारचे असेल तर ते प्रार्थनेत एकदा, मोठ्याने, एका वाक्यात सांगून वही मिटायची. बिघडते कुठे? पहिल्या आठवड्यात ओळी वाढतात आणि माणूस घाबरून वही सोडतो. त्या वाढणारच, तोवर कोणी मोजत नव्हते. वीस मिनिटांचा तास होतो. मोबाइलवर गजर लावा. आणि काही जणी वही रात्री झोपताना उघडतात, ते तर मुळीच नको.

त्याच वहीच्या पहिल्या पानावर नोटिशीची हकीगत लेखापरीक्षक लिहील तशी लिहा. चूक कोणत्या महिन्याच्या विवरणात, किती रकमेची, कधी लक्षात आली, व्याज-दंड किती, कधी भरला, प्रकरण कधी बंद. विशेषणे नकोत. फिलिप्पैकरांस पत्रातली ‘या गोष्टींचे मनन करा’ ही यादी ‘जे काही सत्य’ इथून सुरू होते, हे लक्षात घ्या. गोड किंवा सकारात्मक इथून नव्हे. ‘मी यशस्वी आहे, मी आशीर्वादित आहे’ असे शंभरदा म्हणण्यापेक्षा ‘दंड भरला, पावती फाइलमध्ये आहे’ हे मेंदूला जास्त पटते, कारण ते खरे आहे.

वचने जरूर पाठ करा, पण एका वेळी एक. 21 दिवसांत वीस वचने म्हणजे एकही नाही. आणि नुसते परतपरत वाचू नका. रोडिगर आणि कार्पिक यांनी 2006 मध्ये दाखवले की पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेत पुढे असतात, पण आठवड्यानंतर पान झाकून आठवून पाहणारे पुढे जातात. पहिल्या दिवशी शिका, मग दुसऱ्या, चौथ्या, आठव्या, पंधराव्या आणि तिसाव्या दिवशी पान झाकून म्हणा. अडले तरच बघा. रोजच्या कशाला तरी ते बांधा: चहाचे आधण ठेवले की पाणी उकळेपर्यंत. उपासना गुजरातीत असली तरी वचन मराठीतच घ्या, ज्या भाषेत तुम्ही स्वतःला दोष देता त्याच भाषेत. एक चूक टाळा: वचन फक्त घाबरल्यावरच म्हटले, तर काही दिवसांत ते वचनच घाबरण्याची खूण होऊन बसू शकते. शांत वेळी शिकलेले वचन वेळेला उपयोगी पडते.

आणि विचार आलाच, तर त्याला नाव द्या: ‘हा मार्चचा विचार.’ भावनेला शब्द दिला की मेंदूतल्या अमिग्डलाची, म्हणजे धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची, हालचाल उतरते, असे मॅथ्यू लिबरमन यांच्या 2007 च्या प्रयोगात दिसले. स्तोत्रकर्ता हे आधीपासून करत होता. ‘हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?’ हे धृपद 42 आणि 43 या स्तोत्रांत मिळून तीनदा येते. त्याची खिन्नता पहिल्या खेपेला गेली असती तर उरलेल्या दोन खेपा लिहायची गरज पडली नसती. नाव द्या, वचन एकदा म्हणा, हातातल्या कामाकडे वळा. दहादा नको.

पहाटे तीनचे. घड्याळ पाहू नका. अंदाजे वीस मिनिटे झोप येत नाही असे वाटले तर उठा, दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बसा, कपड्यांच्या घड्या घाला किंवा संथ काही वाचा. डोळे जड झाले की परत या. अंथरूण ही काळजीची जागा आहे अशी मेंदूची समजूत आपणच करून दिलेली असते, ती अशी मोडते. उठण्याची वेळ रोज एकच, रविवारीही. दुपारी चारनंतर चहा नको. कॅफीन अर्धे उतरायलाच पाचेक तास लागतात. आठवड्यातून तीनदा तरी चाळीस मिनिटे भरभर चालणे, मग ते कमाटीबागेत असो की सोसायटीच्या आवारात. कर्क एरिक्सन यांच्या 2011 च्या अभ्यासात, वर्षभर असे चाललेल्या वयस्कांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस, स्मरणाशी निगडित भाग, सुमारे 2 टक्क्यांनी वाढला होता. तुमचे ते वय नाही, पण सवयीला आत्ताच मुहूर्त चांगला.

रात्रभराच्या प्रार्थनासभा मात्र सध्या सोडा, आणि हे पाळकांना आधी सांगून ठेवा म्हणजे चर्चा होणार नाही. एक रात्र जागवलेल्या तरुणांच्या अमिग्डलाची भयानक चित्रांना येणारी प्रतिक्रिया झोपलेल्यांपेक्षा 60 टक्क्यांनी जास्त होती, असे 2007 च्या एका प्रयोगात आढळले. ज्या मनाला शांत करायचे त्यालाच जागवून ठेवण्यात अर्थ नाही. त्याच प्रार्थना दुपारी करता येतात. उपासही गोळीच्या वेळा सांभाळून, डॉक्टरांना विचारून.

‘होऊ द्या’ अनेकवचनी आहे असे वर म्हटले. त्याचा व्यवहारातला अर्थ, एका विश्वासू बाईला सगळे सांगा. एकीलाच, गटाला नव्हे. तिच्याकडून सल्ला मागू नका. आठवड्यातून एकदा चालायला बरोबर ये आणि ‘वही चालू आहे का’ एवढे विचार, असे सांगा. मंडळीतल्या बंधूंना नम्रपणे म्हणा, ‘तुमची प्रार्थना हवी आहे, औषधाचे डॉक्टर पाहतील.’ हे वाक्य पाठ करून ठेवा, वेळेवर सुचत नाही.

तुमच्यासारखीच पत्रे आणखी येतात, म्हणून एक वेगळी खूण सांगून ठेवतो. प्रार्थनेत देवनिंदेचे नकोसे शब्द आपोआप येणे, ‘नीट’ वाटेपर्यंत तीच प्रार्थना पुन्हा पुन्हा म्हणणे, तेच पाप रोज कबूल करूनही क्षमा झाली की नाही अशी शंका राहणे: हे विश्वासाचे दुबळेपण नसून अनेकदा ओसीडीचे धार्मिक रूप असते. तिथे जास्त वचने म्हणणे आगीत तेल ओतते. त्यावर नेमका वर्तनोपचार आहे: शंका येऊ द्यायची आणि पुन्हा म्हणणे, पुन्हा विचारणे थांबवायचे, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, पायरी पायरीने. औषधाचा परिणाम दिसायलाही तिथे आठ ते बारा आठवडे लागू शकतात. बडोद्यात सयाजीराव जनरल हॉस्पिटलात मानसोपचार विभाग आहे आणि कारेलीबागेत मानसिक आरोग्याचे सरकारी रुग्णालय. जगणे नको असे वाटू लागले, कोणालाही, तर वहीची आणि सात वाजण्याची वाट पाहायची नाही. 14416 हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत. घरच्या एका माणसालाही त्याच वेळी उठवायचे.

राहिला पुढचा मार्च. मात्रा उतरवण्याचा विषय डॉक्टरांनी काढलाच तर फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ टाळता येईल का, हे विचारा. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टरांची भेट आत्ताच ठरवा. दर महिन्याच्या 11 आणि 20 या विवरणाच्या तारखांच्या आदल्या दिवशी विवरण दुसऱ्या कोणाकडून तरी ताडून घेण्याची परवानगी मालकांकडे मागा. दोन डोळ्यांचे काम चार डोळ्यांनी केले तर कारखान्याचेही भलेच आहे. वहीच्या पहिल्या पानाची एक प्रत टेबलाच्या खणात ठेवा. आणि 20 एप्रिलला, मार्चचे विवरण भरून झाल्यावर, संध्याकाळी त्या मैत्रिणीला चालायला बोलवून ठेवा, विचार आलेले असोत की नसोत.